नरहरपंतांनी कपॅसिटर बदलिला त्याची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, पाहिले ऐकिले तैसे लिहितो. पदरचे मीठ चवीपुरतेच.

कसबे यवतमाळ येथे राजमान्य राजश्री नरहरपंत, कचेरीतून निवृत्त, हौशी रेडिओचे नामांकित सरदार, वाल्वांच्या जुन्या ट्रान्समीटरावर अंमल करून होते. दर रविवारी सकाळी दिग्रसचे किसनराव हवेत हजेरी पुकारीत आणि पंत ‘हाजीर’ म्हणत. ऐन वैशाखात ट्रान्समीटराचा कपॅसिटर तेल ओकून गतप्राण जाहला. रिसीव्हर शाबूत, म्हणोन पंतांस ऐकू सर्व येई, बोलता न ये. लागोपाठ हजेरी चुकली, मग किसनरावांनी जाहीर केले की पंत बहुधा वारले, येत्या रविवारी हवेतच शोकसभा. पंतांनी हे आपल्या कानी ऐकिले.

सौभाग्यवती सुचित्राबाईंनी मसलत दिली, “फोन कराले काय जाते तुमचं?” पंत खवळले. हवेत मेला तो हवेतच जिवंत व्हावा, फोन करणे ही नामुष्की! मग खासा स्वारी बाजारी गेली आणि दुकानदाराकडून नवा कपॅसिटर नजर जाहला. जुन्याचे चार मायक्रोफॅरडचे माप जुळले पाहोन पंतांनी चष्मा न लाविताच पसंत केला. तो सोसणार साडेचारशे व्होल्ट, यंत्राचा दाब साडेपाचशे! बटण दाबिताच तोफ जाहली आणि चिंध्या सोफ्यावर पडल्या.

रविवार उजाडला, दुकाने बंद, पंत हवालदिल. तोंच नजर कूलरावर गेली. त्याचे पंख्याचा कपॅसिटर चार मायक्रोफॅरडचाच, आणि एसी म्हणजे उलटसुलट विजेचे चारशे चाळीस व्होल्ट झेलणारा, म्हणोन यंत्राच्या डीसी म्हणजे सरळ विजेत सहाशेंसही न डगमगणारा मर्द. परंतु वैशाखात कूलर उघडणे म्हणजे वाघाचे जबड्यात हात! पंतांनी अजिजीने अर्ज गुदरला. बाईंनी घाम पुशीत हुकूम केला की तासभर बक्षिला, उपरांत आमचा कपॅसिटर आमचे ठाणी.

मग पंतांनी जोडणी केली, बटण दाबिले, वाल्व तापले, तोफ न जाहली. हवेत किसनराव हुंदके देत पंतांचे गुण गात होते. पंतांस ते इतुके गोड वाटले की ऐकतच राहिले. बाईंनी ढोसिले तेव्हा माइक धरून वदले, “किसनराव, हाजीर.”

 मग दिग्रसेहून गर्जना आली, “अबे पंत्या, जित्ता हायेस तं बोलत काहून नव्हता!” आणि किसनराव आधीहून जास्त रडले, पंतांचेही डोळे भरले.

ऐसी फत्ते जाहली. नरहरपंत हयात, हे सर्वांस मुक्रर जाहले. हजेरीतल्याच उमरखेडच्या अमरसिंगांनी शोकभाषण मेहनतीने तयार केले होते, ते वाया न जावे म्हणोन पंतांचे समक्ष शेवटपावेतो वाचिले.