पेगीकाकूंचा हॉल

कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवला, की पेगीकाकू रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून, झग्याची टोकं धरून, गुडघ्यात वाकून अभिवादन करायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कंबर धरली. मी धावत गेले, तर म्हणाल्या, "थँक यू, डक्स!"

डक्स म्हणजे मी. अमेरिकेत, पार्सिपनीला आमच्या शेजारी राहणाऱ्या या सत्तरीच्या इंग्रज विधवाबाई सगळ्यांनाच डक्स म्हणायच्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंना त्याचा काही केल्या उलगडा होईना. "अगं, ती मला बदक का म्हणते? मी काय तशी चालते?" इंग्रज लोक लाडानं असं म्हणतात, हे सांगितलं तरी पटेना.

एकदा कुंपणापाशी काकू म्हणाल्या, "तरुणपणी लंडनला गायचे मी. ऑन द हॉल्स!"

आता हॉल म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवायला हवं का? हॉल, किचन, दोन बेडरूम. मला वाटलं, बाई लोकांच्या घरी बैठका करत असणार. म्हटलं, "मग आमच्या हॉलमध्ये गा की! रविवारी दुपारी मंडळी जमतात."

"खरंच? माणसांसमोर?" अमेरिकन नवऱ्याबरोबर इकडे आल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, त्या कुणासमोर गायल्या नव्हत्या. आठवडाभर त्यांच्या खिडकीतून ताना ऐकू येत होत्या आणि अंगणातल्या दोरीवर एक जांभळा झगा ऊन खात होता.

रविवारी मी सोफे सरकवले, चादरी अंथरल्या, तंबोरासुद्धा लावून ठेवला. काकू आल्या त्या डोक्यावर शहामृगाची पिसं खोचून. "हॉल कुठाय?"

"हाच की!"

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मांडी घालून बसलेल्या बारा जणांकडे पाहिलं, आणि तंबोऱ्याला वळसा घालून उभ्या राहिल्या.

गाणं एका पोलिसाचं होतं. तो एका बाईची मासळी खाऊन टाकतो. दर कडव्याला काकू कानामागे हात धरून थांबायच्या. का थांबतात, कुणाला कळेना. लंडनचे हॉल म्हणजे गाण्या-विनोदांची नाट्यगृहं आणि तिथे पुढची ओळ लोकांनी म्हणायची असते, हे मला फार उशिरा समजलं. आमच्यात गाणाऱ्याच्या मध्ये तोंड घालणं म्हणजे गावंढळपणा! सगळे आपले माना डोलवत चिडीचूप.

गाणं संपलं. काकूंचा चेहरा पांढराफटक. "आय डाइड, डक्स," त्या पुटपुटल्या.

"डाइड?" आमचे डॉक्टर देशपांडेकाका ताडकन उठले आणि त्यांची नाडी बघायला लागले. गाणं पडलं की तिकडचे कलाकार असं म्हणतात, हे त्यांना काय ठाऊक! मला स्वतःचाच राग आला. एवढ्या हौसेनं बोलावलं आणि बिचारीचा पार पचका केला.

तेवढ्यात मागून सासूबाई कडाडल्या, "वन्स मोअर!"

सांगलीला संगीत नाटकं बघत वाढलेली बाई. पद आवडलं की वन्स मोअर द्यायचा, एवढं इंग्रजी त्यांना पक्कं येत होतं.

काकूंनी डॉक्टरांच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. "काय म्हणाल्या त्या?"

"परत गा म्हणतात."

"सगळं?"

"सगळं."

त्या कडेच्या सोफ्यावर मटकन बसल्या. "बारा वर्षं कार्यक्रमात सगळ्यात आधी मला गायला लावायचे. लोक तेव्हा आपापल्या जागा शोधत असायचे. सबंध गाणं कुणी ऐकलंच नाही गं कधी." आणि चक्क रडायला लागल्या.

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या, पुढे येऊन काकूंच्या अगदी समोर बसल्या.

"अगं, रडतेस काय? गा. आम्ही कुठे उठून चाललोय?"