सात नंबरच्या वाटेची परवानगी

जिल्हा कौन्सिलची नवी पुस्तिका दुकानात आली, तेव्हा ऑड्री पिंचबेक यांनी ती उभ्या उभ्या चाळली. मग चष्मा पुसून पुन्हा चाळली. ‘आपल्या जिल्ह्यातली रानं, गायरानं आणि पायवाटा’ असं वर छापलं होतं. नदीकाठानं गिरणीपर्यंत जाणारी सहा नंबरची फेरी होती. टेकडीवरची आठ नंबरचीही होती. सात नंबर मात्र नव्हता.

सात नंबर म्हणजे चर्चच्या मागून निघून थर्कल यांच्या ओकच्या रानातून पलीकडच्या गायरानावर जाणारी वाट. त्या गायरानाच्या कडेला ऑड्रीबाईंची थोरली बहीण नोरा राहत होती. सव्वीस वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ऑड्रीबाई झाकलेली बशी घेऊन या वाटेनं बहिणीकडे जात. रानातून पंचवीस मिनिटं लागत. रस्त्यानं गेलं तर चार मैल, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की माणसानं काटेरी कुंपणात शिरायचं. नजर कमी झाल्यावर बाईंनी गाडी विकून टाकली होती. नोराचे गुडघे गेलेले. वाट गेली तर त्या दोघी फक्त फोनवरच्या बहिणी उरणार होत्या.

बाईंनी तिथूनच कौन्सिलला फोन लावला. पायवाटांचं काम बघणाऱ्या किंबल मॅडम फोनवर आल्या.

“छापताना राहून गेली असेल, म्हणून म्हटलं कळवावं,” बाई म्हणाल्या.

“राहिली नाही, काढलीये. ती वाट सरकारी नकाशावर कधी नव्हतीच. आता थर्कलांच्या सूनबाईंनी कळवलंय, सप्टेंबरपासून फाटक बंद. रानात लग्नाचे तंबू लावणार म्हणे.”

“पण आम्ही जातो ना तिथून!”

“किती वर्षं?” किंबल मॅडमच्या आवाजात एकदम कुतूहल आलं.

“मी सव्वीस. बाकीचे त्याच्याही आधीपासून.”

“मग अर्ज करा की. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं जात असतील तर ती लोकांची होते. फक्त तीन गोष्टी बघायच्या. मोडतोड करून गेलेलं चालत नाही. लपूनछपून गेलेलं चालत नाही. आणि मालकाच्या परवानगीनं गेलेलं तर मुळीच चालत नाही.”

“परवानगीनं गेलेलं चालत नाही?”

“नाही. परवानगी घेतली की तुम्ही पाहुणे झालात. पाहुण्याला हक्क कुठला?”

बाईंनी आभार मानून फोन ठेवला आणि तशाच दुकानात उभ्या राहिल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी थर्कल फाटकाशी असत. त्या विचारत, “जाऊ ना?” आणि थर्कल टोपीला हात लावून म्हणत, “जा की बाई.” बाईंनी हे गावच्या कौन्सिलचे चिटणीस क्लाइव्ह ऑल्डस यांना सांगितलं, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी कागदावर गणित मांडलं.

“दोन हजार सातशे चार,” क्लाइव्ह म्हणाले.

“काय?”

“इतक्या वेळा तुम्ही परवानगी घेतलीत. कायद्यानं तुम्ही एकदासुद्धा हक्कानं गेला नाहीत.”

“अहो, पण न विचारता दुसऱ्याच्या रानात शिरायचं म्हणजे कसं दिसतं ते!”

“तेच तर. आता असा माणूस शोधायचा, ज्यानं विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघं अर्जांचा गठ्ठा घेऊन दारोदार निघाले. बाईंना वाटलं होतं, काम कंटाळवाणं असेल. पण पहिल्याच दारात त्यांचे कान टवकारले. शेजारच्या ब्रंडिशबाई आठवड्यातून तीनदा रानात जात होत्या, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“कशाला जाता हो?”

“नवऱ्याला बोलायला.”

“तो पण येतो?”

“छे! तो आला तर बोलणार कशी? तिसऱ्या ओकापाशी उभी राहते, मनात साचलेलं सगळं मोठ्यानं बोलते, आणि घरी येऊन त्याला चहा करते. एकोणीस वर्षं सुखात चाललीत.”

“आणि थर्कलना कधी विचारलं होतं?”

“म्हणजे काय! पहिल्याच दिवशी. तुम्ही मला समजलात काय?”

पुढचं दारही तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. शाळेच्या जुन्या बाईंनी मुलांकडून दर वसंतात आभाराचं पत्र लिहून घेतलं होतं. पाद्रीबाईंनी दर नाताळात मुरंब्याची बरणी पाठवली होती. एक गृहस्थ रानात रणशिंगासारखं काहीतरी वाजवायला जात. त्यांनी तर कोणत्या वेळी वाजवलेलं चालेल तेही विचारून ठेवलं होतं. प्रत्येक जण हे छाती पुढे काढून सांगे, आणि क्लाइव्ह सुस्कारा सोडून अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी घालीत.

दोघांनी तेवढं विचारलं नव्हतं. त्यातला चर्चची घंटा वाजवणारा डेनिस.

“मी कुठलं विचारतोय? मी बायकोला चोरून सिगारेट ओढायला जायचो. थर्कल दिसला की झुडपात बसायचो.”

“लपून,” क्लाइव्ह म्हणाले आणि अर्ज तळाशी घातला.

दुसरा सुतार. त्याला रानातून ढकलगाडी न्यायची असे आणि फाटक अरुंद होतं.

“मग काय केलंत?”

“बिजागरीतून उचलून बाजूला ठेवायचो. परत बसवायचो कधीकधी.”

“मोडतोड,” क्लाइव्ह म्हणाले.

शेवटी उरला रेग मॉर्टलॉक. गावाच्या टोकाला राहणारा हा म्हातारा. त्यानं आयुष्यात कुणाला ‘कृपया’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. फुलांच्या प्रदर्शनात ऑड्रीबाईंच्या डेलियांकडे बघून तो “कोबी बरे आलेत” म्हणाला होता. तेव्हापासून बाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण तो रोज कुत्र्याला घेऊन रानातून जाई, तीस वर्षं, कुणाकडे न बघता. बाईंनी मन घट्ट करून त्याचं दार वाजवलं.

“मिस्टर मॉर्टलॉक, तुम्ही थर्कलना कधी विचारलं होतंत का हो, रानातून जाऊ का म्हणून?”

“मी का विचारू?”

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याचा हात धरला. रेगनं तो सोडवून घेतला.

“सही करणार नाही मी,” तो म्हणाला. “तिथं कुणी नसतं म्हणून जातो मी. वाट पुस्तकात छापलीत की सगळा जिल्हा येईल डबे घेऊन.”

“आणि तंबू लागले तर? दर शनिवारी नवरा, नवरी, दोनशे वऱ्हाडी आणि वर बँड.”

रेगनं कुत्र्याकडे बघितलं. मग म्हणाला, “पेन आणलंय?”

चौकशी गावच्या सभागृहात ठेवली होती. किंबल मॅडम वही घेऊन समोर बसल्या. एका बाजूला थर्कल बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून, आणि शेजारी त्यांची सून फिलिपा, हातात तंबूंची चित्रं घेऊन. बाकी सगळं गाव दुसऱ्या बाजूला. चहा झाल्याशिवाय सुरू करणं बरं दिसलं नसतं, म्हणून आधी चहा झाला.

“तीस वर्षं जातोय,” रेग उभा राहून म्हणाला. “विचारलं नाही, आभार मानले नाहीत, मानणारही नाही.”

गाव कौतुकानं त्याच्याकडे बघत होतं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

“मिस्टर थर्कल, खरं आहे?” मॅडमनी विचारलं.

थर्कल हळूच म्हणाले, “विचारलं नाही हे खरं. पण तुला आठवतं का रेग, माझ्या मेंढ्या सुटल्या होत्या आणि तू पकडून दिल्यास? तेव्हा मी म्हटलं होतं, हे रान तुझंच समज, हवं तेव्हा येत जा.”

“मी उत्तर दिलं नव्हतं,” रेग म्हणाला.

“नाही दिलंस. पण मी म्हटलं होतं.”

“म्हणजे परवानगी होती,” मॅडमनी लिहून घेतलं. फिलिपानं चित्रं नीट जुळवली. रेग खाली बसला आणि पुटपुटला, “म्हणून मी कुणाचं काही करत नाही.”

गठ्ठ्यात दुसरं काही नव्हतं. क्लाइव्ह चष्मा काढून डोळे चोळू लागले. ऑड्रीबाईंना सप्टेंबर दिसू लागला, बंद फाटक दिसू लागलं, आणि पलीकडे खिडकीशी बसलेली नोरा.

किंबल मॅडमनी वही मिटता मिटता सहज विचारलं, “ऑड्रीबाई, एक विचारू? अर्जासाठी नाही, मला आपलं कुतूहल आहे. तुम्ही दर खेपेला विचारायचात. थर्कल कधी ‘नको’ म्हणाले असते तर?”

बाईंनी तोंड उघडलं. असा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. त्यांच्याआधी थर्कलच बोलले.

“म्हणालो होतो की मी. एकदा.”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“पंधरा वर्षं झाली,” थर्कल टोपीकडे बघत म्हणाले. “वादळानं ओक पडले होते. मी वाटेवर दोरी बांधली. बाई आल्या, म्हणाल्या, जाऊ ना? मी म्हटलं, आज नको बाई, झाडं कापतोय. त्या म्हणाल्या, बरं बरं, थँक्यू. आणि गेल्या.”

“परत गेल्या?”

“नाही. रानात गेल्या.”

ऑड्रीबाईंचे कान लाल झाले. त्यांना सगळं आठवलं. नोराला ताप होता, हातात गरम जेवणाची झाकलेली बशी होती, आणि त्यांनी ते ‘नको’ ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. इतकी वर्षं त्यांनी मनाची समजूत घातली होती, की थर्कल वाऱ्यामुळे काहीतरी वेगळंच म्हणाले असावेत.

“बाबा!” फिलिपा दबक्या आवाजात म्हणाली. “हे कशाला सांगताय?”

पण किंबल मॅडमनी वही पुन्हा उघडली होती. “दोरी तोडली?”

“छे! वाकून खालून गेल्या. परत येताना माझी गाठ सैल झाली होती, ती नीट बांधून गेल्या.”

“लपून गेल्या?”

“कुठलं! हात केला मला. मी पण केला.”

“ऑड्रीबाई, हे खरं का? मालक नको म्हणाला आणि तुम्ही गेलात?”

बाईंनी गावाकडे बघितलं. चहाच्या कपाखाली बशी नसली तर ज्या चहा पीत नसत, त्या ऑड्री पिंचबेक. पाद्रीबाई बघत होत्या, शाळेच्या बाई बघत होत्या. क्लाइव्ह तर ‘हो म्हणा’ असं सुचवायला खोकून खोकून बेजार झाले होते. नाही म्हटलं असतं तर कुणी पुरावा मागितला नसता.

“हो,” बाई म्हणाल्या. “हो, गेले. बहीण आजारी होती. ते नको म्हणाले, मी ऐकलं, आणि गेले. पुन्हा म्हणाले असते तर पुन्हा गेले असते.”

“म्हणजे तुम्ही परवानगीवर जात नव्हतात,” मॅडम खुशीत लिहू लागल्या. “विचारणं ही नुसती रीत होती. आणखी कुणी त्या दिवशी गेलं होतं का?”

ब्रंडिशबाईंनी हळूच हात वर केला. “मी बाईंच्या मागोमाग गेले होते. त्या दिवशी फारच साचलं होतं.” मग पाद्रीबाईंचा हात वर आला, मग रणशिंगवाल्या गृहस्थांचा. शाळेच्या बाई म्हणाल्या, “बावीस मुलं होती माझ्याबरोबर, रांगेनं दोरीखालून काढली.” थोड्याच वेळात सगळं गाव आपापला उद्धटपणा सांगायला उभं राहिलं आणि मॅडमना कोरे अर्ज कमी पडले.

फिलिपानं तंबूंची चित्रं गुंडाळली. “बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

“बाजू कसली गं,” थर्कल म्हणाले. “पंधरा वर्षं बाईंशी हे बोलायचं होतं. विषयच निघत नव्हता.”

ऑड्रीबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्यासमोर आल्या. “मिस्टर थर्कल, माझं चुकलं. मनापासून माफी मागते.”

थर्कल उठून उभे राहिले. वाट आता लोकांची होणार होती, सून रागावली होती, पण त्यांचा चेहरा कसा मोकळा झाला होता.

“नाही हो बाई, तुमचं काय चुकलं,” ते म्हणाले. “मीच दोरी जरा वर बांधायला हवी होती. उगाच वाकावं लागलं तुम्हाला.”