शामण्णांची सातची हाक

आमच्या राजाजीनगरच्या इमारतीत शामण्णांशी बोलायचं, तर शेवटी 'ओव्हर' म्हणावं लागतं. पुण्याहून नवा आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. "लिफ्ट बंद आहे का?" एवढंच विचारलं आणि दोन मिनिटं आम्ही जिन्यात एकमेकांकडे बघत उभे! शेवटी तेच वैतागले, "अहो, तुमचं संपलं हे मला कळणार कसं?"

या गृहस्थाने उभा जन्म रडारच्या पडद्यासमोर काढला. निवृत्त झाल्यावर रीतसर परवाना काढून गच्चीवर बिनतारी संच थाटला, उंच अँटेना उभारली. माणसंही ते सिग्नलवरच जोखतात. "तुमची बायको एकदम क्लिअर. तुमच्यात स्वल्प नॉइज आहे," हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. झोंबलं, कारण खरं होतं.

रोज सकाळी सातला गच्चीवरच्या खोलीतून त्यांची हाक यायची, "बापू, ऐकतोयस का? ओव्हर." उत्तर कधीच नाही. बापू म्हणजे नोकरीतला जोडीदार, आता बेळगावात. वर्षापूर्वी अर्धांगवायूने त्याची वाचा गेली, उजवा हात गेला. "पण त्याचा सेट चालू असतो. तो ऐकतो," शामण्णा ठासून सांगत. म्हातारा भिंतीशी बोलतो, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

मग गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं. अँटेना काढायचा ठराव झाला. हात मीही वर केला होता.

रविवारी सकाळीच सेक्रेटरी कमलक्का माणसं घेऊन वर आल्या. शामण्णा म्हणाले, "अक्का, सातची हाक तेवढी होऊ द्या."

हाक झाली. खरखर. आणि मग टुट, टुट, टूऽट! अडखळत, थांबत.

"मोर्स! बापूच आहे!" शामण्णा ओरडले आणि पेन्सिलीने भिंतीवरच अक्षरं लिहू लागले. "डाव्या हाताने मारतोय गाढव! निम्मी अक्षरं चुकतोय!"

आम्ही अशा टाळ्या पिटल्या की खालच्या मजल्यावरचे धावत वर आले. कमलक्कांनी माणसांना फर्मावलं, "सरी, सरी! ठीक आहे! सोलर त्या कोपऱ्यात लावा. अँटेनाला हात लावायचा नाही."

भिंतीवर वाक्य पुरं झालं होतं: ऊठ, चहा पिऊन ये.

"ड्यूटीवर एकाने 'ऊठ' म्हटल्याशिवाय दुसरा उठायचा नाही, असा आमचा नेम होता," शामण्णा म्हणाले. "वर्षभर सकाळचा चहा प्यायलो नाही हो मी."

आणि ढसाढसा रडत ते खुर्चीवरून उठले.