विहिरीतल्या मालकिणीचे चाहते

अपेक्षाने मोबाईल डोळ्यांपासून जरा लांब धरला, घसा साफ केला आणि वाचलं, "आजींचं काम पाहून अंगावर काटा आला. दिवा चालू ठेवून झोपावं लागलं."

पडद्यावर प्रत्यक्षात लिहिलं होतं, 'भुताले गुडघेदुखी आहे काय? ते विहिरीतून बाहेर येईपर्यंत मी चहा मांडला, प्यालो अन् कप धुऊन ठेवला.'

समोर खाटेवर कौसल्याबाई काळा चष्मा लावून ताठ बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नवा चष्मा मिळेपर्यंत मोबाईल, पेपर, पुस्तक, काही म्हणजे काही वाचायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. त्यांच्या मांडीवर अपेक्षाची लेक उन्नती आजीच्या पदराचं टोक चोखत पडली होती.

"हे कोणी लिहिलं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"नत्थू म्हणून आहे कोणी."

"हं. पुढचं वाच."

पुढचं त्याहून वाईट होतं. अपेक्षाने पुढचंही गोड करून वाचलं.

सिनेमा तिच्या नवऱ्याचा, संघपालचा. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत नोकरी करता करता, सुट्ट्या मारून आणि मित्रांना राबवून त्याने 'विहिरीतली मालकीण' नावाचा भुताचा सिनेमा काढला होता. भुताचं काम करायला घरातली एकही बाई तयार होईना. अंगात आणलेलं सहजासहजी जात नाही, असं आत्या म्हणाली. मावशीने तर त्याचा फोन उचलणंच सोडलं. शेवटी कौसल्याबाई म्हणाल्या, "भूत नसते, हे मले पक्कं माहीत आहे. म्हणून मले करायले काही हरकत नाही." अशा रीतीने, साऱ्या खानदानात भुतावर विश्वास नसलेली एकमेव बाई भूत झाली.

त्यांची अट एकच होती. मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्यासमोर हसायची कोणाची छाती झाली नव्हती. "लोक हसले," त्यांनी संघपालला बजावलं होतं, "तर मी पुन्हा या गल्लीत तोंड दाखवणार नाही."

आणि लोक हसत होते. सिनेमा यूट्यूबवर चढल्यापासून नुसते हसतच होते. कारणंही तशीच होती. मालकीण विहिरीतून वर येते आणि सूड घ्यायच्या आधी सवयीने पदर नीट करते. ती आकाशातून उडत जाते तेव्हा तिच्या पायाखालच्या फळीला लावलेल्या संत्र्याच्या पेटीवर 'कळमना' हे बाजाराचं नाव स्पष्ट वाचता येतं. तिचं घुबडात रूपांतर होतं, तेव्हा ते घुबड उन्नतीच्या खेळण्यातलं निघतं आणि त्याच्या पोटाशी कंपनीचं लेबल लोंबत असतं. आणि ऐन खुनाच्या प्रसंगी, सगळीकडे शांतता असताना, कुठूनतरी एक तान्हं पोर खुदखुदतं. ते पोर अर्थातच उन्नती. आजी दिसली की ती गप्प राहतच नसे.

संघपालने पहिल्या दिवशीच सगळे अभिप्राय वाचले आणि जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी जेवला, पण बायकोला म्हणाला, "आईले यातलं काही कळू देऊ नको वं." आणि सकाळच्या पाळीला निघून गेला. राहिली अपेक्षा.

खरं सांगायचं तर तिच्या खोटं बोलण्यात थोडा स्वार्थही होता. निवृत्त झाल्यापासून कौसल्याबाई स्वयंपाकघराची रोज तपासणी करत. डब्यांवर बोट फिरवून बोटाकडे बघत. सिनेमा झाला आणि बाईंचा नूरच पालटला. दुपारी उन्नतीला स्वतःहून घेऊ लागल्या, झोपवू लागल्या. त्या वेळात अपेक्षा पंख्याखाली पडून छताकडे बघत मनातल्या मनात काहीबाही रचत बसे. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या डोक्यात दुधाच्या वेळांव्यतिरिक्त काही येऊ लागलं होतं. सासूबाई खचल्या असत्या तर हेही गेलं असतं. आणि त्यापलीकडे, त्या ताठ बाईची मान खाली गेलेली बघण्याची तिची तयारी नव्हती.

पण खोट्याला पाय फुटले ते उत्तरांमुळे. दारी आलेल्या माणसाला चहा न विचारता पाठवायचं नाही, तसंच अभिप्राय देणाऱ्यालाही उत्तर दिल्याशिवाय सोडायचं नाही, असं कौसल्याबाईंनी ठरवलं. अपेक्षा वाची, त्या उत्तर सांगत, आणि उत्तर गेल्याचा टुंग आवाज कानावर पडेपर्यंत त्या पुढे सरकत नसत. त्यामुळे उत्तरं खरोखरच जात. फक्त ती दिलेली असत अपेक्षाच्या मनातल्या अभिप्रायांना, आणि जाऊन पडत भलत्यांच्याच खाली.

भुताला गुडघेदुखी आहे काय, या प्रश्नाखाली उत्तर गेलं, 'घाबरू नको बाळा, दिवा बंद करून झोपत जा, वीज वाया जाते.' एका मुलीने 'हा सिनेमा पाहून माझ्या आयुष्यातली दुपार मेली' असं लिहिलं होतं. तिला विहिरीतल्या मालकिणीकडून उत्तर मिळालं, 'तुझ्या डोळ्यांत पाणी आलं हे वाचून बरं वाटलं. डोळ्यांची निगा राख. गाजर खा.'

लोकांना हे फार आवडलं. सूड घ्यायला निघालेली मालकीण विजेची आणि गाजराची काळजी करते म्हटल्यावर जो तो आपल्यालाही उत्तर मिळावं म्हणून लिहू लागला. बघणाऱ्यांची संख्या चढत गेली. संघपाल बुटीबोरीहून फोन करकरून विचारू लागला, की तू नेमकं करून तरी काय राहिली. अपेक्षा एका हाताने वरण घोटत, दुसऱ्या हाताने मोबाईल चाळत, पायाने पाळणा हलवत उत्तर देई, की काही नाही. तिला आता धड बसवत नव्हतं, धड जेवण जात नव्हतं. नवा चष्मा आठवडाभरात मिळणार होता.

चष्म्याच्या आधी गोपिका आली. शेजारची कॉलेजात जाणारी गोपिका कढीपत्ता न्यायला आली, तेव्हा अपेक्षा मोरीत उन्नतीला आंघोळ घालत होती. बाहेर येऊन बघते तो गोपिका मोबाईल खाटेवर ठेवून निघालेली, आणि कौसल्याबाई समाधानाने हात पुसत असलेल्या.

"मी तिच्याकडून एक निवेदन टाकून घेतलं," त्या म्हणाल्या. "तू एकेकाले उत्तर देत बसते. त्यापेक्षा सगळ्यांलेच बोलावून घेतलं. रविवारी सकाळी, पोहे खायले."

अपेक्षाने मोबाईल उचलला. सगळ्या अभिप्रायांच्या वर, ठळक जागी, मालकिणीचं आमंत्रण झळकत होतं. खाली बुद्धविहारामागच्या गल्लीचा अख्खा पत्ता होता, वळायची खूण म्हणून पाण्याची टाकीसुद्धा होती. आणि त्याखाली लोक येतो येतो म्हणून लिहीत सुटले होते.

ते पुसून टाकायला ती बोट पुढे करणार, तोच कौसल्याबाई म्हणाल्या, की आपण शब्द देऊन बसलो आहोत, तेव्हा आता चणे भिजवायला लाग.

रविवारी संघपाल घरी होता, पण त्याने पहाटेच चण्यांच्या झणझणीत रश्श्याचं, म्हणजे तर्रीचं पातेलं गाठलं आणि तिथून हलायचं नाही असं ठरवलं. "कोणी नाही येत," तो कांदा चिरत म्हणत होता. "इंटरनेटवरचे लोक असे कोणाच्या घरी येतात काय?"

इतर गावचे लोक आले नसतेही. पण ही नागपूरची माणसं होती आणि आमंत्रण तर्री-पोह्यांचं होतं. नऊच्या सुमारास दारात चपलांचा ढीग पडला. सगळ्यांत पुढे एक लांब केसांचा तरुण होता. सदरला मोबाईलच्या दुकानात काम करतो आणि आपणच तो नत्थू, असं त्याने सांगितलं. मागे कामिनी नावाची मुलगी, म्हणजे जिची दुपार मेली होती ती, आणि आणखी कितीतरी.

अपेक्षाने त्यांना दारातच गाठलं. उन्नती कडेवर, आवाज अगदी बारीक. "एक विनंती आहे. आत आई बसल्या आहेत. त्यांले वाटते तुम्ही सगळे घाबरले. कृपा करून घाबरल्यासारखं करा."

"म्हणजे त्यांले माहीत नाही?" नत्थूचा चेहरा उतरला. "ताई, आमच्यानं होईन का ते? मी तर बसमध्ये हसून हसून पडलो होतो."

"पोह्यांसाठी एवढं करा."

ते आत गेले. कौसल्याबाई पांढरं पातळ नेसून, काळा चष्मा लावून, खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसल्या होत्या. सिनेमात एकदाही दिसल्या नव्हत्या इतक्या त्या या वेळी भयानक दिसत होत्या. घाबरल्यासारखं करायची कोणाला फार गरज पडली नाही. सगळे भिंतीला लागून ओळीने बसले. स्वयंपाकघराच्या पडद्याआड संघपालची झाऱ्याची खडखड थांबली.

"तर," कौसल्याबाई म्हणाल्या, "नत्थू कोण?"

नत्थूने वर्गात करतात तसा हात वर केला.

"दिवा चालू ठेवून झोपला तूच ना?"

"हो, मॅडम," नत्थू म्हणाला. तो त्यांना काकू म्हणणार होता, पण तोंडातून मॅडमच निघालं.

"कोणत्या प्रसंगाले भ्याला?"

नत्थूने अपेक्षाकडे पाहिलं. अपेक्षाने उन्नतीकडे पाहिलं. नत्थू म्हणाला, की तो विहिरीचा प्रसंग. विहिरीच्या प्रसंगात नेमकं काय, असं कौसल्याबाईंनी विचारलं. तो म्हणाला, मालकीण वर येते ते. वर येऊन काय करते, असं त्यांनी विचारलं.

"पदर नीट करते," नत्थू म्हणाला, आणि तिथेच त्याचा बांध फुटला. आधी नाकातून एक बारीक आवाज आला, मग खांदे हलायला लागले. कामिनीने ओढणी तोंडात कोंबली, पण तीही गेली. पाहता पाहता भिंतीला टेकलेली सगळी रांग हसू लागली. आणि आजीच्या घरात एवढी मजा चाललेली बघून उन्नतीही खुदखुदली, हुबेहूब सिनेमातल्यासारखी, त्यामुळे मंडळी पुन्हा नव्याने कोसळली.

अपेक्षाने डोळे मिटून घेतले. आता संपलं, तिला वाटलं.

"बसा गप," कौसल्याबाई म्हणाल्या. सगळे गप झाले. "मंग हे लिहिलं काहून नाही? मी रोज ऐकून राहिली, अंगावर काटा आला, डोळे भरून आले. मी स्वतः केलेलं काम आहे ते. मले माहीत नाही काय ते किती भिकार आहे? हसले तर तोंड दाखवणार नाही म्हटलं होतं मी, पण हसण्यापेक्षा हे खोटं वाईट. मी संघपालले तेव्हाच म्हटलं होतं, पेटीवरचं नाव पुस. ऐकतो कुठं."

पडद्याआड काहीतरी पडलं.

"शाळेत सगळ्या पोरींचे निबंध सारखे आले की मी समजायची, लिहिणारी एकच आहे," त्या पुढे म्हणाल्या. "इथंही तेच. नावं वेगळी, भाषा एक. म्हटलं, एवढं खोटं लिहिणारे आहेत तरी कोण, त्यांचे चेहरे तर पाहू. म्हणून बोलावलं तुम्हाले. डोळे भरून आले, हे कोणी लिहिलं?"

कोणीच हात वर केला नाही. कौसल्याबाईंचा काळा चष्मा रांगेवरून हळूहळू सरकत शेवटपर्यंत गेला, आणि तिथून वळून अपेक्षावर येऊन थांबला.

"पोहे आणते," अपेक्षा म्हणाली.

मंडळी तर्री ओरपून, घाम पुसत, सिनेमातल्या एकेका चुकीवर मनसोक्त बोलून गेली. कौसल्याबाईंनी प्रत्येकाकडून ऐकून घेतलं, दोन चुका स्वतः वाढवून सांगितल्या आणि नत्थूला केस कापायला सांगितलं. संघपालला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर बसवलं. तो बिचारा आधी लाल झाला, मग त्याच्याही चेहऱ्यावर हसू फुटलं.

सगळे गेल्यावर अपेक्षा भांडी गोळा करत राहिली.

"आई, रागावल्या काय?"

"रागावली तर आहेच," कौसल्याबाई म्हणाल्या. "माझी काळजी करायची तर तोंडावर करत जा. असं बाहेरच्यांच्या नावानं कशाले?" मग उन्नतीला उचलून खांद्यावर टाकत म्हणाल्या, "पण लिहिते बरी. संघपालच्या दहा वाक्यांत नाही एवढं भ्या तुझ्या एका वाक्यात होतं. पुढच्या सिनेमाची गोष्ट तू लिही. पोरगी दुपारी माझ्यापाशी राहीन. मात्र गोष्ट अशी पाहिजे की कोणाच्या बापाची हसायची हिंमत नाही झाली पाहिजे."

सोमवारी दुपारी घर शांत होतं. अपेक्षा खिडकीशी कोरे कागद घेऊन बसली. भूत कुठून यावं, हेच तिला ठरवता येईना. विहीर झाली होती, चिंच नको होती. तिने ओळ लिहिली, खोडली, उठली, पाणी प्याली, पुन्हा बसली. लेक रडतेय का म्हणून कान दिला. काही आवाज नाही. माणूस कशाला घाबरतं, ती विचार करत होती, खरंखुरं घाबरतं तरी कशाला.

"किती पानं झाली?"

आवाज थेट मानेजवळून आला. नवा चष्मा लावलेल्या कौसल्याबाई, झोपलेलं पोर छातीशी धरून, कधीच्या तिच्या पाठीमागे उभ्या राहून कोरा कागद वाचत होत्या. अपेक्षा अशी किंचाळली की शेजारून गोपिका धावत आली.

कौसल्याबाईंनी समाधानाने मान हलवली. "हं," त्या म्हणाल्या. "आता हे लिहून काढ."