इंजिन बसलं!

“इंजिन निवडायला कसली आलीय अक्कल? नुसतं बघितलं की कळतं!” वेलांटीराव जेवताना म्हणाले आणि वाटीतलं वरण ताटात ओतण्याऐवजी पाण्याच्या भांड्यात ओतून मोकळे झाले.

वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासणारा हा माणूस रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्याही तपासायचा, आणि वेलांटी चुकलेली दिसली की आतल्या मालकाला बाहेर बोलावून ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगायचा. लोकांनी मग हेच नाव पाडलं.

तर त्यांची ती चिमुकली जुनी गाडी ऐन चौकात बंद पडली होती. गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, “साहेब, इंजिन बसलं.” झालं! वेलांटीरावांनी घरी येऊन बायकोची शिकवणीच घेतली. “गॅरेजच्या भाषेत बसलं म्हणजे मेलं. पाठ करून ठेव!”

बायकोचा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायची. गाडी नसल्यामुळे तिला व्यायामाचा भलाथोरला रबरी चेंडू बसमधून न्यावा लागे, आणि एका कंडक्टरने तर चेंडूचंही तिकीट फाडलं होतं!

“शनिवारी संध्याकाळपर्यंत गाडी चालू झाली तर झाली,” ती म्हणाली. “नाहीतर ही देऊन टाकायची आणि माझ्या भावाच्या शोरूममधली पोपटी गाडी घ्यायची. तो कागद घेऊन तयारच बसलाय.”

त्या जुन्या गाडीतच वेलांटीराव ड्रायव्हिंग शिकले होते, लेकीला दवाखान्यातून याच गाडीने घरी आणलं होतं. रोज सकाळी तिची काच पुसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. ती गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

दुसऱ्याच दिवशी ते जुन्या इंजिनांच्या व्यापाऱ्याकडे हजर झाले. जिकडेतिकडे इंजिनंच इंजिनं, सगळी काळी, सगळी तेलकट, आणि सगळी वेलांटीरावांना सारखीच!

“हजारचं देऊ की बाराशेचं?” व्यापाऱ्याने विचारलं.

वेलांटीराव चाटच पडले. इंजिन इतकं स्वस्त? “बाराशेचंच द्या! दोनशेसाठी कुठे जीव काढायचा!”

“गाडी केवढी आहे?”

“गाडी लहान आहे हो, पण आमचं मन मोठं आहे!”

मग व्यापाऱ्याने किंमत सांगितली, आणि हजार-बाराशे हे इंजिनाचं माप असतं हा साक्षात्कार वेलांटीरावांना झाला. पण आता ‘लहानच द्या’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी ऐटीत मान डोलावली आणि बाराशेचं धूड गॅरेजला धाडून दिलं.

दुपारी छापखान्यात मिस्त्रींचा फोन आला.

“साहेब, हे बसत नाही हो.”

“बसत नाही ना? शाब्बास! जन्मात बसू नये म्हणून तर मोठं घेतलं!”

“म्हणजे... बसायला नकोय?”

“अजिबात नको! बसलं तर माझ्याशी गाठ आहे!”

“मग ठेवू कुठे?”

“कुठे म्हणजे? जिथे ठेवतात तिथे!”

“मग पुढचं थोडं कापावं लागेल.”

पुढचं म्हणजे काय, ते वेलांटीरावांना ओ की ठो कळलं नाही. पण विचारलं तर अब्रू जाणार! “कापा, कापा! त्यात विचारायचं काय?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

शनिवार उजाडला. दुपार टळून गेली तरी काही निरोप नाही. वेलांटीरावांचं कामात लक्ष लागेना, आणि अशात फोन वाजला.

“साहेब, बसलं!”

“काय? बसलं?”

“दणक्यात बसलं! आता हलायचं नाव घेत नाही!”

“आणि हे हसत सांगताय?”

“मग काय रडत सांगू? चार दिवस झटतोय त्यासाठी!”

इंजिन मारायला चार दिवस? वेलांटीराव चपलांचा भलताच जोड पायात अडकवून धावत सुटले. गॅरेजमध्ये पाहतात तो गाडी चक्क गुरगुरत उभी! बॉनेट पुढून कापलेलं आणि मधोमध टेंगूळ आलेलं, पण गाडी चालू!

“अहो, ही तर चालतेय!”

“मग? इंजिन बसलं म्हटल्यावर चालणारच की!”

“आणि आधीचं?”

“तेही बसलं होतं.”

“मग दोघांत फरक काय?”

“साहेब, ते बसलं म्हणून चालेना. हे बसलं म्हणून चालतंय!”

वेलांटीरावांनी डोकं गच्च धरलं. मिस्त्रींनी एकदा हाताने इंजिन जागेवर चेपून दाखवलं, एकदा मान टाकून दाखवली, तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं. आनंदाने त्यांना काय करू नि काय नको झालं. गाडी वाचली! त्यांनी तिथल्या तिथे बायकोला निरोप टाइप केला, ‘इंजिन बसलं! घरी येतोय.’ अनुस्वार दोनदा तपासला आणि मगच पाठवला.

हॉर्न वाजवत ते दारात पोचले, तर फाटकापाशी पोपटी गाडी. आत स्टिअरिंगवर बायको, बाजूला मेहुणा, मागे शोरूमचा माणूस.

“अहो, ही चालतेय कशी?” बायको ओरडली.

“इंजिन बसलं ना!”

“तेच तर! बसलं म्हणजे मेलं, पाठ कर म्हणालात. पाठ केलं, तुमचा निरोप वाचला आणि सही करून टाकली!”

“सही झाली म्हणजे जुनी आता शोरूमकडे जमा, परत फिरवता येत नाही, भाऊजी,” मेहुणा चाचरत म्हणाला. “मी तर ती भंगारातच धरली होती.”

बायको खाली उतरली, बॉनेटच्या टेंगळावरून हात फिरवला, आणि तिचे डोळे भरून आले. “एक फोन केला असतात तर!” ती म्हणाली.

शोरूमचा माणूस जुन्या गाडीत शिरला आणि त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. तो काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “वा साहेब! इंजिन काय झकास बसलंय हो!”

या वेळी मात्र वेलांटीरावांना अर्थ एका फटक्यात कळला.