नानासाहेबांच्या रबरी चोळण्याची कैफियत

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी, बावन्न दरवाजांचे शहर छत्रपती संभाजीनगर येथे जी जलमोहीम जाहली, तिची हकीकत लिहितों. जे डोळां पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते नानासाहेबांचे कुटुंब लक्ष्मीबाईसाहेब यांस पुसोन लिहिले. त्यांस न पुसतां काही केल्यास काय होते ते पुढे येईलच. संवत्सराचे नाव क्रोधी, तो क्रोध कोणाचे अंगी उतरला तेही येईल.

पडेगावचे रस्त्यास नानासाहेब म्हणोन भूमिअभिलेख दप्तरातून निवृत्त जाहलेले सरदार राहत. उभी हयात कोरडी जमीन मोजण्यात गेली, म्हणोन उतारवयी पाण्याची ओढ लागली, आणि मग कयाक म्हणतात ती एका माणसाची प्लास्टिकची होडी पैदा करोन गळाने मासे धरण्याचा नाद लागला. जिगरी दोस्त जहांगीरभाई ताडपत्रीवाले, यांची दुसरी कयाक. ऐसे दोन गलबतांचे आरमार दर रविवारी एका पाझर तलावावर उतरे आणि बहुतकरोन रिकामे परते. परंतु गेल्या हिवाळ्यात होडीत साचल्या गार पाण्याने नानासाहेबांचे पाय बधिर होवोन गुडघे सुजले, आणि डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की पाय कोरडे राखणे, अथवा मासेमारी सोडणे. निवृत्त माणसाचा रविवारही गेला तर बाकी काय राहिले, या विचारे खासे नानासाहेब फार कष्टी जाहले.

हे वर्तमान कॅनडा मुलखी कन्येस कळोन तिणे कुमक धाडली. पेटी फोडितां आत छातीपर्यंत येणारा, बुटांसकट एकसंध, खांद्यास पट्टे लावावयाचा रबरी चोळणा, म्हणजे विजार, निघाला. जाणकार यास वेडर म्हणतात. सोबत एक रुंद पट्टाही होता, तो पार्सल आवळावयाचा असेल ऐसे समजोन, आणि आपल्या घरी आला पट्टा व आली दोरी टाकीत नाहीत हा कुळाचार स्मरोन, नानासाहेबांनी तो गाडीचे टपावर कयाक बांधण्यास जहांगीरभाईंचे हवाली केला. या एका चुकीने पुढील सर्व अनर्थ जाहला.

मग आठवे दिवशी नळास पाणी आले. शहरात ज्या दिवशी नळास पाणी येते त्या दिवशी घरचे राज्य लक्ष्मीबाईसाहेबांचे, आणि त्या दिवशी हंडे, कळशा, कुकर, चहाचा थर्मास, कोणासही रिते राहण्याची मुभा नसे. सर्व भांडी भरोन जाहली तरी धार चालूच, आणि ती वाया कैशी दवडावी, म्हणोन बाईसाहेबांनी नजर फिरविली, तो न्हाणीतील खुंटीस चोळणा टांगलेला दिसला. त्यांनी तात्काळ नळी त्यात सोडली. उजवा पाय भरला, डावा पाय भरला, पोट भरले, आणि मग खुंटी भिंतीसकट उपटोन चोळणा खाली आला तो दोन पायांवर उभाच राहिला, जैसा दारी पाहुणा आला आहे आणि जेविल्याविण जात नाही.

नानासाहेब धावोन आले आणि चौफेर हात फिरवोन पाहतात तो एक थेंब गळत नाही. ते हर्षे बेभान होवोन कंपनीची तारीफ करू लागले. परंतु बाईसाहेबांनी चोळण्याचे फुगल्या पोटास बोट लावोन पाहिले, आणि मग जे बोलल्या ते शब्दशः लिहितों.

"याच्यातलं पाणी भाईर येत नाय नं? मंग तुम्ही तळ्यात पडल्यावर आत घुसलेलं कसं येईन? ह्ये असं भरलेलं अंगावर घेऊन पोहणार व्हय तुम्ही?"

चोळणा जप्त जाहला, कयाक जप्त जाहली, आणि रविवारी नानासाहेबांनी घरीच बसोन मेथी निवडावी ऐसा हुकूम सुटला. बाईसाहेबांचा क्रोध वरवरचा होता, आत भय होते. चाळीस वर्षांचा संसार त्यांस त्या रबरी पायांत बुडताना दिसला होता.

नानासाहेबांनी दोन रविवार मेथी निवडली. मग जहांगीरभाई वकिलीस आले आणि जप्त मालाची पाहणी करू लागले. त्यांचे घराणे मूळचे भिश्त्यांचे, आजोबा चामड्याची मशक पाठीवर घेवोन पाणी घालीत. चोळण्याचे रुंद तोंड पाहतां भाईंस आजोबा आठवले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"भाभी, ये तो मशकच है! मशकीचं तोंड उघडं तर पाणी भरतं. तोंड आवळलं तर हवा आत राहते, मशक तरंगते. दादा तोंड बांधून तिच्यावर नदी पार करायचे. इसका मुंह बांधने का पट्टा किधर है?"

पट्टा! शोध सुरू जाहला, कपाटे उलथीपालथी जाहली, आणि अखेर भाईंचे तोंड उतरले, कारण तो त्यांचेच गाडीचे टपावर उन्हात वाळत होता. नानासाहेबांनी मेथीत मान घातली.

मग तह ठरला तो ऐसा. पट्टा चोळण्यावरोन बरगड्यांखाली कचकचोन आवळावा, आणि तो बाईसाहेबांनीच आवळावा. त्यावर तरंगते जाकीट, तेही त्यांनीच बांधावे. जहांगीरभाईंनी हाकेबाहेर जाऊ नये. आणि सर्वांत कठीण कलम हे, की खोल पाण्यात जाण्याअगोदर नानासाहेबांनी उथळ पाण्यात, बाईसाहेबांचे समक्ष, आपखुशीने पडून दाखवावे.

रविवारी सूर्य वर येतां बाईसाहेब चहाचा थर्मास व एक तांब्या घेवोन काठी विराजमान जाहल्या. त्यांनी पट्टा ऐसा ओढिला की खाशांचे पोट वरल्या मजल्यावर गेले. तळ्यात थर्माकोलचे तराफ्यावर सांडू भोई नुसत्या चड्डीवर जाळे ओढीत होता, तो हा सरंजाम पाहोन म्हणाला, "नाना, मासे धरायला चालले का चंद्रावर?"

मग कमरभर पाण्यात पडण्याची कवायत जाहली. पहिले खेपेस चोळण्यातील हवेने पाय वर आणि खासे आडवे, तेव्हां नानासाहेबांची पाचावर धारण बसली. जहांगीरभाईंनी हुकूम दिधला की धडपड करू नका, उताणे व्हा, गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी वल्हवा. दुसरे खेपेस साधले. तिसरे खेपेस होडीचे कडेने पोटावर सरपटत वर चढले, ते पाहोन सांडू तराफ्यावरोन पाण्यात पडला. चौथे खेपेपासोन नानासाहेबांस पडण्याचीच गोडी लागली, आणि सातवे खेपेस बाईसाहेबांनी ओरडोन ती बंद पाडली.

मग आरमार खोल पाण्यात शिरले. दोन घटका गेल्या, पाय कोरडे, गुडघे खुशाल, आणि अकस्मात गळास ऐसा हिसका बसला की मरळ मासळी लागली हे ओळखोन नानासाहेब सर्व तह विसरले आणि होडीत उभे राहिले. कयाकेत उभे राहू नये हे कलम कोणी लिहिले नव्हते, कारण इतके सांगावे लागेल ऐसे कोणास वाटले नव्हते. होडी उलटली. पाण्यावर टोपी तेवढी राहिली. काठावर बाईसाहेब उठोन उभ्या राहिल्या आणि त्यांचे हातातील तांब्या पडला. त्याचा आवाज आम्हांस अद्याप ऐकू येतो.

आणि मग टोपीशेजारी नारिंगी जाकीट वर आले, जाकिटात नानासाहेब, उताणे, गुडघे पोटाशी, आणि हाती गळाची काठी तैशीच. पट्ट्याने तोंड धरिले, मशक तरंगली. जहांगीरभाईंनी होडी सुलटी करोन धरिली, खासे पोटावर सरपटत चढले, आणि बसोनच मरळ ओढोन काढिली.

काठी येतां बाईसाहेबांनी मासा पाहिला नाही. त्यांनी पट्टा सोडिला, चोळणा उतरविला आणि पडला तांब्या उचलोन चोळणा त्यात उलटा केला. आतले पाणी तांब्यात पडले आणि तांब्या निम्माही भरला नाही. त्यांनी दोनदा झटकोन पाहिला. मग हसू लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांस लाविला. "पुढच्या रईवारी उभं राह्यले तर बघा," इतकेच म्हणाल्या, आणि त्यात पुढचा रविवार बहाल जाहला, हे ओळखोन नानासाहेबांनी बर्फासारख्या गार ओल्या डोक्याने मुजरा केला. नळास पाणी यावयास पाच दिवस होते, म्हणोन तांब्यातील पाणी बाईसाहेबांनी घरी नेवोन कढीपत्त्यास घातले.

येणेंप्रमाणे फत्ते जाहली ती दप्तरी नोंदविली: मरळ एक, ती जहांगीरभाईंचे घरी कमरुन्निसा भाभींचे चुलीवर रुजू. टोपी एक, सांडूचे जाळ्यात सापडली. पाणी अर्ध्या तांब्यास कमी. नानासाहेब एक, नेले तैसे परत.