पिवळ्या छत्रीमागची माणसं

प्रागच्या जुन्या चौकात पावसाची भुरभुर सुरू झाली तेव्हा दाऊदभाईंनी छत्री उघडली आणि मुनिरा दोन पावलं बाजूला सरकली.

"मिटा ती," ती म्हणाली. "लोक बघतात."

"बघू दे. जव्हारचं काम आहे."

छत्री दाऊदभाईंनी स्वतः शिवलेली होती. जव्हारच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान, पावसाळ्यात छत्र्यांची दुरुस्तीही तिथेच. लग्नाच्या मांडवाचं पिवळंजर्द कापड उरलं होतं, ते त्यांनी एका जुन्या, दणकट सांगाड्यावर चढवलं. अंगातलं काळं जाकीटही त्यांच्याच हातचं. लेकीच्या देशात जायचं तर विकतचं काही अंगावर नको, असं त्यांनी मुनिराला बजावून सांगितलं होतं.

लेक म्हणजे अलिशा. प्रागमध्ये एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होती. विमानाची तिकिटं तिने काढली होती, म्हणून बाकी काही तिच्या खिशातून जाऊ द्यायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलेलं. ट्रामचा पास होता. भूक लागली तर मुनिराच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी होती. ज्याला तिकीट आहे ते बाहेरून बघायचं आणि ज्याला नाही ते आतून, एवढा सोपा हिशेब.

"अलिशा म्हणाली तसं चौकातलं जुनं घड्याळ बघितलं," दाऊदभाई म्हणाले. "आता पूल बघू. पुलाला तिकीट नाही."

ते निघाले. थोडं पुढे गेल्यावर मुनिराने हळूच मागे पाहिलं.

"अहो, ती लाल टोपीवाली म्हातारी आपल्या मागे येतेय."

"रस्ता तिचापण आहे."

"तिच्यामागे आणखी आहेत. बरेच आहेत."

दाऊदभाई उजवीकडच्या गल्लीत वळले. मागची माणसंही वळली. ते एका दुकानापाशी थांबले. माणसंही थांबली आणि त्या दुकानाकडे मोठ्या आदराने बघू लागली. दुकान चपलांचं होतं. एकाने फोटो काढला.

"पाकीटमार असतील," मुनिरा कुजबुजली. "अलिशाने सांगितलं होतं ना, गर्दीत सांभाळा म्हणून."

"एवढे पाकीटमार एका पाकिटामागे? काय पुरणार त्यांना?" असं म्हणत दाऊदभाईंनी पाकीट आतल्या खिशात सरकवलं आणि चाल वाढवली. मागच्यांनीही वाढवली. एका लंगडणाऱ्या गृहस्थाने तर "प्लीज, स्लो," अशी विनवणी केली. दाऊदभाईंना ती ऐकून वाईट वाटलं आणि ते हळू झाले. पाठलाग करणाऱ्यासाठी थांबणारा माणूस मुनिराने पहिल्यांदाच बघितला.

त्या शहरात एक फुकट सहल निघते, तिचा वाटाड्या पिवळी छत्री घेऊन चौकात उभा राहतो आणि सगळ्यांनी त्या छत्रीमागून चालायचं असतं, ही गोष्ट त्या दोघांना कोणी सांगितली नव्हती.

पुलाच्या तोंडाशी उंच दगडी बुरूज आला. तिथे लाल टोपीवाली म्हातारी पुढे झाली. ती हॉलंडची होती. तिने बुरुजाकडे बोट दाखवून विचारलं, "हू बिल्ट?"

गावाजवळचा शिरपामाळ बघायला येणारे पाहुणे बाजारात रस्ता विचारतात, तेवढ्यापुरतं इंग्रजी दाऊदभाईंना येत होतं. कोणी विचारलं आणि आपण गप्प राहिलो, असं त्यांच्या दुकानात कधी झालं नव्हतं.

"किंग," ते म्हणाले. "ओल्ड किंग."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दाऊदभाईंना बरं वाटलं.

"माय जव्हार, आल्सो किंग," ते पुढे म्हणाले. "पॅलेस. ऑन हिल. शिवाजी महाराज केम. रेस्ट. शिरपामाळ."

"चला आता," मुनिराने बाही ओढली.

"अगं, आपल्या गावाचं विचारतायत."

"कोणी विचारलं?"

पण दाऊदभाई रंगात आले होते. पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी नदी दाखवली. ही नदी चांगली आहे, पण झोपलेली आहे, असं त्यांनी हातांनी समजावलं. मग जव्हारजवळचा दाभोसा धबधबा सांगितला. "वॉटर. टॉप टू डाऊन." छत्री त्यांनी उंच नेली आणि धाडकन खाली आणली. "धिस टॉवर, थ्री टाइम. साऊंड, लाइक ट्रेन. यू स्टँड, यू वेट." लोक हसले, कोणी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात मुनिराला वाटलं, ही माणसं कुठली का असेनात, भुकेली दिसतायत. तिने पिशवी उघडली. भाकरीचे तुकडे आणि अंडी सगळ्यांच्या हातात गेली. चटणीने एका इटालियन तरुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने पुन्हा हात पुढे केला. सहलीत जेवणही असतं हे कळून सगळे खूश झाले. हॉलंडच्या म्हातारीने पर्समधून नोटा काढून दाऊदभाईंच्या हातात कोंबल्या, तिचं बघून बाकीच्यांनीही खिसे चाचपले.

दाऊदभाईंचा चेहरा बदलला. त्यांनी नोटा ज्याच्या त्याला परत केल्या. "नो," ते म्हणाले. "यू गेस्ट. आय, जव्हार. नो मनी."

तेवढ्यात गर्दी कापत एक तरुणी आली. तिच्या हातात पिवळी छत्री होती आणि मागे एक पोलीस. खरी वाटाडी तीच होती. ट्राम अडकल्यामुळे तिला उशीर झाला आणि चौकात पोचते तर तिची सहल कोणीतरी घेऊन गेलेलं. ती दाऊदभाईंकडे बघून भराभर बोलू लागली. त्यांना त्यातले दोनच शब्द कळले: 'लायसन्स' आणि 'व्हिसा'.

पोलिसाने पासपोर्ट मागितले. मुनिराने ते पिशवीच्या तळातून काढून दिले. फिरायच्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे, हे अलिशाने विमानात बसण्याआधीच सांगितलं होतं.

"पोरीची नोकरी जाईल," ती म्हणाली. "तुमच्या जव्हारपायी."

दाऊदभाईंनी छत्री मिटून काखेत घेतली. जाकिटाची बटणं लावून ते ताठ उभे राहिले.

मुनिराने फोन लावला. अलिशाचं ऑफिस जवळच होतं, ती धापा टाकत आली. तोवर इकडे सहलीतल्या लोकांनी पोलिसाला घेरलं होतं. पैसे घेतले का, एवढंच त्याला हवं होतं.

"घेतले? आम्ही देत होतो तर रागावला," हॉलंडची म्हातारी म्हणाली. अलिशाने आईला ते मराठीत सांगितलं.

"वर अंडी खायला दिली," इटालियन तरुण म्हणाला.

पोलिसाने जरा विचार केला. स्वतःच्या भाकऱ्या वाटणारा आणि पैसे नाकारणारा माणूस धंदा करतो असं म्हणणं त्यालाही जड गेलं असावं. त्याने पासपोर्ट परत दिले. वाटाडीचाही राग ओसरला. ती अलिशाला म्हणाली, "यांना सांग, आता माझ्या सहलीत या. फुकट आहे."

अलिशाने एकदा वडिलांकडे, एकदा त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं. "अब्बा, तुम्ही जव्हार सांगितलंत? इथे?"

"विचारलं त्यांनी," दाऊदभाई म्हणाले.

हॉलंडची म्हातारी मात्र अजून मुनिरापाशीच उभी होती. तिने काहीतरी विचारलं.

"अम्मी, ती विचारतेय, त्या धबधब्याखाली उभं राहिलं की कसं वाटतं?"

मुनिराने पदराने हात पुसले. "मला काय माहीत? मी कुठे बघितलाय. यांनी कधी नेलंच नाही."

"मग अब्बा सांगतील."

"ते काय सांगणार? तेपण कधी गेले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकलेलं सांगतात. लग्न झाल्यापासून म्हणतायत, दुकानातून वेळ मिळाला की जाऊ."

अलिशा क्षणभर घुटमळली, मग तिने सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. माणसं दाऊदभाईंकडे वळली. हसलं कोणी नाही. दाऊदभाई नदीकडे बघत राहिले आणि उरलेली सहल त्यांनी सगळ्यात मागून, अगदी मुकाट्याने केली.

जव्हारला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी, नमाज झाल्यावर, त्यांनी दुकान उघडलं नाही. बाजारातल्या नवेदच्या भाड्याच्या जीपमध्ये पुढची सीट धरली. "कुठे?" मुनिराने विचारलं. "बस तर," ते म्हणाले.

दाभोशाला पाणी भरपूर होतं. पायऱ्या उतरून दोघं खाली आले तेव्हा तुषारांनी त्यांचे कपडे भिजले. पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मुनिरा बराच वेळ वर बघत राहिली. मग नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "ट्रेनसारखाच येतोय आवाज."

दाऊदभाईंनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण तिथे सगळ्यांचेच चेहरे ओले होते.

शेजारी नाशिकचं एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातल्या बाईने दाऊदभाईंना विचारलं, "काका, इथलेच का तुम्ही? जरा माहिती सांगा ना या धबधब्याची."

दाऊदभाईंनी मुनिराकडे पाहिलं.

"विचारा, विचारा," मुनिरा मान ताठ करून म्हणाली. "यांनी हा धबधबा युरोपात लोकांना दाखवलाय. स्वतः आज बघतायत."